अभ्यासक्रमार्थे अक्षता

पंचवटीत ढुंढिराज गुरुजींचा एकच लौकिक होता, तो म्हणजे काम झटपट उरकण्याचा. रामकुंडावर बाकीचे गुरुजी नुसत्या संकल्पात अर्धा तास घालवत, तोवर यजमानाच्या पोटात कावळे ओरडायला लागत. ढुंढिराज गुरुजींच्या पाटावर बसलेला माणूस मात्र बाविसाव्या मिनिटाला उठून मिसळ खायला मोकळा. विधीत काही कमी पडलं असं म्हणायची सोयही नव्हती. देवाला वाहायला वस्त्र आणलं नाही? गुरुजी चिमूटभर अक्षता उचलत, "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणत, की पोचलं वस्त्र. दागिना नाही? आभूषणार्थे अक्षता. जे नसेल त्याच्या जागी कुंकू लावलेले चार तांदूळ ठेवायचे आणि तसं तोंडाने सांगायचं. ही सोय शास्त्रानेच करून ठेवलेली आहे, गुरुजींनी काढलेली नाही. त्यांनी ती फक्त सढळ हाताने वापरली.

इतकी सढळ, की घरातही तीच चालायची. त्यांच्या पत्नी शैलाताई लग्न होऊन इगतपुरीहून आल्या तेव्हा महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं. महाबळेश्वरच्या ऐवजी गंगापूर धरण झालं, तेही रिक्षातून, रिक्षा न थांबवता. पाडव्याच्या साडीऐवजी ब्लाउजपीस, माहेरपणाऐवजी फोन. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाऐवजी संसार. शैलाताईंनी यातल्या कशावरही भांडण काढलं नाही. पण विसरल्याही नाहीत.

मुलगी इरा नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि घर शांत झालं, तेव्हा बावन्नाव्या वर्षी शैलाताईंनी बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म भरला. बाकीचे पेपर सुटले. भूगोल तेवढा राहिला. तो सुटला की त्या बी.ए. होणार होत्या, आणि हे त्यांना किती हवं होतं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. देवघराच्या कपाटात जुन्या हॉल तिकिटावरचा स्वतःचा फोटो त्यांनी अजून जपून ठेवला होता. दोन वेण्यांतली ती मुलगी पदवीधर झाल्याशिवाय आपल्याला चैन पडायची नाही, असं त्यांना वाटे.

एके दुपारी गुरुजी घाटावरून आले, तर बायको भलंमोठं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली.

"किती पानं?" गुरुजींनी विचारलं.

"चारशे बारा."

"अगं, यजमान उठून जाईल एवढ्यात! कुणी वाचतं का हे?"

"मी वाचतेय."

"तेवढ्या वेळात माझे सतरा सत्यनारायण होतात. आण इकडे."

खरं सांगायचं तर गुरुजींच्या हातात कसब होतं. काय गाळलं तर देवाच्या लक्षात येत नाही, हे पस्तीस वर्षांत त्यांना नेमकं कळलेलं होतं, आणि परीक्षक काही देवापेक्षा जास्त लक्ष देत नाही. आठ दिवसांत त्यांनी चारशे बारा पानांची चाळीस केली. चाळिसाची चार केली. मग हात बसला म्हणून चाराचं एक केलं आणि ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर सुबक अक्षरात लिहून काढलं. हिमालय: दोन भूखंड भांडले, मध्ये उंचवटा आला. वाळवंट: पाणी नाही. पर्जन्यछाया: ढग आले, घाट आला, इगतपुरीत पडले, नाशिकला पोचेपर्यंत संपले.

हे वाचून शैलाताईंचं डोकंच फिरलं. माहेरच्या ज्या पावसात चार महिने गाद्या, दप्तरं, लोणच्याच्या बरण्या, सगळ्याला बुरशी यायची, ज्या पावसात शाळेच्या वाटेवर समोरचा माणूस दिसायचा नाही, त्या पावसाचं यांनी 'पडले' एवढंच केलं होतं.

"मी माझं पुस्तक वाचीन," त्या म्हणाल्या.

"वाच की. मी नाही कुठं म्हटलं?" गुरुजी म्हणाले, आणि पत्रिका त्यांनी कौतुकाने फ्रिजवर लावली.

तिथे ती हर्षालीच्या नजरेला पडली. हर्षाली मूळची दिंडोरीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करायची आणि शैलाताईंच्याच बरोबर भूगोलाला बसलेली होती. कधीमधी शंका विचारायला यायची. पाणी घ्यायला म्हणून फ्रिजपाशी गेली आणि तिथेच खिळली.

"काकू, हे लय भारी हे! काकांनी पार अर्कच काढला ना पुस्तकाचा. फोटो काढू?"

फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी घाटावर यजमानांच्या रांगेशेजारी दुसरी रांग लागली. त्यात सातपूरचे कामगार होते, सिडकोतल्या गृहिणी होत्या, पोलीस भरतीत अडकलेली मंडळी होती, आणि सगळ्यांची मागणी एकच की आमचंही पुस्तक आटपून द्या. गुरुजींनी नाही म्हटलं नाही. दक्षिणा घेतली नाही, पास झाल्यावर नारळ आणा म्हणाले. फक्त तिथी बघून ते तीन प्रकार करून देत. परीक्षा आठवड्यावर असेल तर 'लघु', दोन दिवसांवर असेल तर 'अतिलघु', आणि सकाळी अकराचा पेपर असून माणूस नऊला आला असेल तर 'मंत्रमात्र', म्हणजे अख्ख्या विषयाचं एक वाक्य. राज्यशास्त्राचं होतं: ज्याच्याकडे खुर्ची, त्याचं खरं. मानसशास्त्राचं होतं: लहानपणी काहीतरी झालेलं असतं. इतिहासाचं म्हणे एका शब्दावर आलं होतं, पण तो शब्द गुरुजी कानातच सांगत.

मग एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला एक ऑपरेटर आला. सलग दोन पाळ्या करून आलेला, डोळे लालभडक. "गुरुजी, एक वाक्यही वाचायचं त्राण नाही हो," म्हणाला. गुरुजींचा हात नेमका तबकात होता. तो सवयीने वर आला, तोंड सवयीने बोललं, "अभ्यासक्रमार्थे अक्षतान् समर्पयामि." तांदळाची पुडी बांधून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. ऑपरेटर इतका निवांत झाला की तिथेच पायरीवर बसून पेंगायला लागला.

झालं. दुसऱ्या दिवसापासून नोट्स कुणी मागेनाच, सगळ्यांना पुड्या हव्या होत्या.

या गर्दीचा सगळा भार घरी पडला. घाटावर जागा पुरेना म्हणून मंडळी घरी यायला लागली, आणि परीक्षेच्या आधीचा अख्खा आठवडा शैलाताई चाळीस चाळीस जणांचा चहा करत राहिल्या. त्यांची दहा प्रकरणं अगदी चोख झाली होती. पण अकरावं, लोकसंख्येचं, राहिलं. पुस्तक उघडलं की बेल वाजायची. शेवटी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्या हताश होऊन फ्रिजपाशी गेल्या आणि नवऱ्याच्या पत्रिकेवरची तेवढी एक ओळ त्यांनी पाठ केली: लोक आधी वाढतात, मग थांबतात. याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण दुसरा इलाज नव्हता.

सकाळी निघताना गुरुजींनी त्यांच्या पर्समध्ये पुडी टाकली.

"मला नको," शैलाताई म्हणाल्या.

"असू दे गं. रिकाम्या हाताने जाऊ नये."

आवाज मऊ होता. असा आवाज वर्षातून एखाद्या वेळी निघायचा, म्हणून त्यांनी पुडी राहू दिली.

पेपर चांगला आला होता. पर्जन्यछायेवर तर शैलाताईंनी तीन पानं लिहिली, वाऱ्याची दिशा, घाटाची उंची, आकृती, सगळं. मग पाचवा प्रश्न आला. लोकसंख्या संक्रमण सिद्धांताचे टप्पे आकृतीसह स्पष्ट करा, दहा गुण. त्यांनी लिहिलं, 'लोक आधी वाढतात, मग थांबतात.' पुढे पान कोरं. पाच मिनिटं त्या कोऱ्या पानाकडे बघत बसल्या. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांचा हात पर्समध्ये गेला. तीस वर्षं पूजेला नवऱ्याशेजारी बसून काही कमी पडलं की अक्षता पुढे करायची सवय होती, हाताला तेवढंच ठाऊक होतं. 'उत्तरार्थे अक्षतान् समर्पयामि,' त्यांनी लिहिलं आणि खाली पाच दाणे ठेवले. घामेजलेल्या बोटांनी कुंकू ओलं झालेलं, दाणे चिकटून बसले.

त्याच वेळी पुढच्या बाकावर हर्षालीने डोळे मिटून आपल्या उत्तरपत्रिकेवर तांदूळ उधळले. पर्यवेक्षकाने विचारलं, हे काय? हर्षाली घाबरून खरं बोलली. "सर, याच्यात सगळा सिलॅबस हे."

लागलीच भरारी पथक बोलावलं गेलं. पथकाचे प्रमुख मनोज सर, कडक माणूस. त्या खोलीत एकोणीस पुड्या निघाल्या. अठरा जणांनी 'प्रसाद आहे' असं सांगून हात वर केले. हर्षालीने तर गोंधळात आपली पुडी उधळलेल्या दाण्यांसकट सरळ खाऊन टाकली, त्यामुळे तिच्याविरुद्ध पुरावाच उरला नाही. शैलाताईंना मात्र खोटं बोलता येत नव्हतं. "माझ्या मिस्टरांनी दिलीय," त्या म्हणाल्या, आणि मनोज सरांनी उत्तरपत्रिका उघडली तर पाचव्या प्रश्नाखाली तांदूळ.

मनोज सरांनी दोन तास बसून पंचनामा केला. कुंकूमिश्रित तांदूळ, दाणे दोनशे चौदा, पैकी तुटलेले तीन. पुडीचा कागद वर्तमानपत्राचा, तोही त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला. एका बाजूला फ्लॅटची जाहिरात होती, दुसऱ्या बाजूला मीन राशीला 'परीक्षेत यश' असं छापलेलं होतं. शैलाताईंची रास मीन आहे का, याचीही नोंद झाली. निघाली कन्या.

पंधरा दिवसांनी कॉलेजात चौकशी समितीसमोर नवराबायकोला बोलावणं आलं. समितीच्या अध्यक्ष विमलाबाई, निवृत्त प्राचार्या, चष्म्यावरून बघणाऱ्या पण मनाने बऱ्या. शेजारी मनोज सर, समोर ताटलीत तांदूळ.

"हर्षालीच्या जबाबानुसार यात संपूर्ण अभ्यासक्रम आहे," मनोज सर म्हणाले. "म्हणजे ही कॉपी झाली. पुस्तकाची पानं आणली काय आणि पुस्तकाच्या ऐवजी हे आणलं काय, एकच. पेपर रद्द आणि वर्षभर बंदी."

"पण यात खरंच अभ्यासक्रम आहे का, हे कोण ठरवणार?" विमलाबाईंनी विचारलं.

"ज्यांनी भरला ते." सगळे गुरुजींकडे बघायला लागले.

गुरुजींचं लक्ष ताटलीवर होतं. "आधी एक सांगतो. माझ्या अक्षतांत तुटका दाणा निघणार नाही. ते तीन तुमच्या मोजण्यात तुटले."

"गुरुजी, मुद्द्याचं बोला. यात काही आहे की नाही?"

गुरुजी पेचात पडले. त्यांचा पेच कमी म्हणून की काय, विमलाबाईंनी शैलाताईंची उत्तरपत्रिका काढली. बाकीचे प्रश्न तपासून झाले होते आणि त्यांचे अडतीस गुण होत होते. पास व्हायला चाळीस लागत. पाचवा प्रश्न तांदळाच्या निकालासाठी राखून ठेवला होता.

"म्हणजे बघा," विमलाबाई म्हणाल्या. "यात सगळं आहे म्हणालात, तर कॉपी, पेपर रद्द. यात काहीच नाही म्हणालात, तर पाचव्या प्रश्नाला शून्य, बाई नापास."

"ग्रेस मार्क नाही का देता येत दोन?" गुरुजींनी विचारलं.

"खेळाडूंना देतात. एन.सी.सी.ला देतात. नैसर्गिक आपत्ती असेल तर देतात."

"आपत्तीत नवरा बसतो का?" शैलाताईंनी विचारलं. त्यांनी ते गंभीरपणे विचारलं होतं.

मनोज सरांनी खरोखर नियमावली उघडून पाहिली. "नाही बसत. पूर, भूकंप, वादळ."

मग विमलाबाईंना नियमावलीतच एक कलम सापडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आक्षेपार्ह साहित्य दोन गुणांपर्यंतचं असेल तर ते किरकोळ धरायचं, समज द्यायची आणि त्याचे गुण कापायचे नाहीत, म्हणजे अडतीस आणि दोन चाळीस.

"गुरुजी," त्या पुढे झुकून म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा. त्या पाच दाण्यांत दोन मार्कांपुरतं काही असेल का हो?"

आता हा तर गुरुजींचा हातखंडा. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. माणसाला जेवढं हवं तेवढंच, त्याच्या वेळात आणि त्याच्या सोयीने बसवून द्यायचं. ते एकदम खुलले.

"आहे ना! बरोबर दोन मार्कांचंच आहे. पाच दाण्यांत तेवढंच मावतं. लिहून घ्या."

मनोज सरांनी सुटकेचा श्वास टाकून लिहून घेतलं. 'सदर पाच दाण्यांत दोन गुणांचा आशय असून...' असा तो जबाब झाला. गुरुजींनी झोकात सही केली. कागद शैलाताईंपुढे आला. त्यांची सही झाली की त्या बी.ए. होत्या.

शैलाताईंनी पेन उचललं. दोन वेण्यांतली मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तिला काय सांगायचं? तुझी डिग्री मिळाली गं, पाच दाण्यांची? सही करावी असं त्यांना फार वाटत होतं, हेही खरं. अडतीस गुण त्यांनी स्वतः मिळवले होते, एकेक ओळ वाचून, आणि हे दोन त्यात मिसळले की ते अडतीसही तसेच झाले असते.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"यात काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "तांदूळ होते. मला तो प्रश्न येत नव्हता."

"अगं!" गुरुजी ओरडले.

"शैलाताई, तुम्हाला कळतंय ना?" विमलाबाईंचा आवाज खाली आला. "शून्य द्यावं लागेल."

"द्या. मला डिग्रीच्या ऐवजी काही नको. डिग्रीच हवी. ऑक्टोबरला परत बसेन."

मनोज सरांनी आपला सुबक जबाब फाडला आणि नवीन लिहिला. तो दोन ओळींतच संपला. कडक माणूस, पण सही घेताना त्यांनी शैलाताईंसाठी उठून खुर्ची सरकवली.

बाहेर आल्यावर गुरुजी कॉलेजच्या पायरीवर मटकन बसले. आजवर त्यांना स्वस्थ बसलेलं शैलाताईंनी फक्त पाटावर पाहिलं होतं. समोरून पोरं स्कूटी काढत होती, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. गुरुजी तिकडेच बघत बोलले.

"चार लोकांत म्हणालीस. त्यात काही नसतं म्हणून. पस्तीस वर्षं मी काय देतोय मग देवाला?"

शैलाताईंना त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. पण खोटं त्यांना आताही बोलता येईना. त्या शेजारी बसल्या.

"देवाला देता तेव्हा असेलही काही त्यात, मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मला दिलंत तेव्हा नव्हतं."

गुरुजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. एक यजमान सकाळपासून त्यांना फोन करत होता, तो आता पुन्हा करायला लागला. गुरुजींनी फोनकडे पाहिलं नाही. त्यांना बरंच काही सांगायचं असावं, आणि ते थोडक्यात कसं सांगायचं हे त्यांना काही केल्या सुचेना.